सोमवार, गुरुवार आणि बाकीचे पाच दिवस

माळवस्तीवरच्या चौतीस बायकांनी नव्वद दिवस रोज एक लोहाची गोळी गिळली आणि नव्वदाव्या दिवशी त्यांचे हिमोग्लोबिन जवळजवळ होते तिथेच होते. निरवांगीच्या बायकांनी त्याच खोक्यातल्या गोळ्या घरी नेऊन, आठवेल तेव्हा घेतल्या. त्यांचे हिमोग्लोबिन दीड ग्रॅमने चढले.

प्रयोग दिल्लीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचा होता. समोर बसवून दिलेली गोळी घरी नेलेल्या गोळीपेक्षा जास्त गुण देते का, एवढाच प्रश्न. उत्तरावर रक्तक्षयाचा देशभरचा कार्यक्रम ठरणार होता. अकरा केंद्रांना नियम एकच. इंदापूर तालुक्यात ते पाळण्याचे काम करुणा अहिवळेकडे होते.

१९९४ च्या डिसेंबरात परिषदेचे पत्र पुण्याला, करुणाच्या वरिष्ठ डॉक्टर राजलक्ष्मींकडे आले. त्यांनी करुणाला फोनवर गाठले.

"एकच सांग. माळवस्तीचे फॉर्म तू खोलीवर बसून भरलेस का?"

"नाही, मॅडम."

"मग गोळ्या कोंबड्यांनी खाल्ल्या? दिल्लीला आकडे बनावट वाटतात. पंधरा दिवसांत कारण दे, नाहीतर तुझे केंद्र वगळतील. आणि तुझ्या नावापुढे शेरा पडेल."

करुणा खोलीवर आली. इंदापुरात तिला ओळखणारे पुष्कळ होते. तिच्याकडे येऊन बसणारे कुणी नव्हते. जळोचीला वडिलांना सांगावे, तर अप्पा जन्मभर एकच सांगत आलेले: "आपला कागद लोक दोनदा तपासत्यात. तू तीनदा तपासून दे." तिने तीनदाच तपासला होता.

तिने चौथ्यांदा काढला. शौचाचा रंग काळा झाल्याचे एकतीस बायकांनी सांगितले होते. लोहाने तो काळा होतो, म्हणजे गोळी पोटात गेली होती. पोटातून रक्तात मात्र गेली नव्हती. मधे काय घडले, ते तिने पाहिलेच नव्हते. पाहणीचे वार सोमवार आणि गुरुवार. आठवड्यातले बाकीचे पाच दिवस तिने वस्तीवर गोळ्या वाटणाऱ्या भागुबाईच्या सांगण्यावर लिहिले होते. शंका घ्यायची तर आधी स्वतःच्या पाहण्यावर घ्यावी, हे तिला शिकवलेले होते.

मंगळवारी, कुणाला न कळवता, ती पहिल्या एसटीने निघाली. वरकुट्याच्या फाट्यावर उतरून सात वाजता वस्तीवर पोचली.

गोळ्या वाटायचे काम भागुबाईच्या अंगणात चाले. आज तिथे चुलीवर मोठे पातेले होते. बायका एका हाताने गोळी तोंडात टाकत आणि दुसऱ्या हातातल्या कपाने ती खाली उतरवत. करुणाला पाहताच त्यांच्यातल्या सारजाने पातेल्यावर परात झाकली.

"बाई, आज मंगळवार," भागुबाई म्हणाली.

"माहीत आहे. गोळी चहाबरोबर घेता?"

"मग? सकाळच्या पारी दारात आलेल्या बाईला तशीच लावून देऊ व्हय? साखर हाय कारखान्याची, घरचीच."

"गोळीसाठी कोन येतंय?" साखरबाई म्हणाली. "समद्या चहासाठी येत्यात." बायका हसल्या.

"आणि सोमवारी, गुरुवारी?"



"तवा तुमी गेल्यावर टाकती," भागुबाई म्हणाली. "आदनाला आधीच ठेवल्यालं असतंय."

"मी असताना का नाही?"

 ओट्यावरची कुशाबाई बोलली. म्हातारीच्या बोलण्यात राग नव्हता. "समद्यांस्नी द्यायचा आन तुमाला न्हाय, ते बरं दिसत न्हाय, बाई. आन तुमाला द्यायचा, तर कप कंचा द्यायचा?"

करुणाने वेळ टिपली: सात वीस. चहा किती उकळता, किती जणी घेता, हेही विचारले. काळा रंग येईस्तोवर. चौतीसही जणी. मग ती फाट्यावर येऊन एसटीची वाट पाहत दगडावर बसली. शेजारी बसलेल्या बाईने गाव आणि आडनाव विचारले; करुणाने सांगितले; बाईने पुढे काही विचारले नाही.

अहवालाचा पहिला भाग तिने खोलीवर एका बैठकीत लिहिला. दुसऱ्यापाशी ती दोन दिवस अडली. "अन्वेषकाच्या उपस्थितीत चहा दिला जात नसे" एवढ्यावर थांबता आले असते. पण दिल्लीने विचारले असते, का. आणि ज्या वाक्यावर तो प्रश्न उरतो, ते वाक्य अर्धे असते. अकरा केंद्रांतली माणसे ते वाचणार होती, हेही तिने लक्षात घेतले. मग लिहिले:

"माळवस्तीवर गोळी दररोज कडक चहाबरोबर, किंवा चहापूर्वी काही मिनिटे घेतली जाते. चहातील टॅनिन लोहाला धरून ठेवते. बरेचसे लोह रक्तात न जाता शौचावाटे बाहेर पडते. निरवांगीत चौकशी केली असता, तिथे गोळी पाण्याबरोबर घेतली गेल्याचे कळले. माळवस्तीवर अन्वेषकाच्या भेटीच्या दिवशी चहा ती निघून गेल्यावर दिला जात असे, म्हणून तो तिला दिसला नाही. अन्वेषक बौद्ध आहे. त्या घरात तिला देण्यासाठी कप नाही."