ठमीची खुर्ची

मित्रांनो, दिवाणखान्यात दोरीपलीकडे उभी असलेली मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. हे घर शब्दकोश रचणाऱ्या एका विद्वानांचं. आता त्याचं संग्रहालय झालं आहे. माझ्या पायाशी पाटी आहे, 'कोशकार उतारवयात ही खुर्ची वापरत.' ती पाटी चुकीची आहे.

सुताराने मला घडवलं ते कोशकारांच्या मुलीसाठी. तिला सगळे ठमी म्हणत. तापात तिचे पाय गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती. सुताराने तिचं माप घेतलं, वेताची बैठक विणून घेतली, सायकलची दोन चाकं बसवली आणि माझ्या दोन्ही हातांवर आडवी टाकायला एक फळी दिली. ठमीचं पुढचं सगळं आयुष्य त्या फळीपाशी गेलं.

कोशकार एकेक शब्द कागदाच्या चिठ्ठीवर लिहून टोपलीत टाकत. त्या चिठ्ठ्या अक्षरवार लावायचं काम ठमीचं. थोरला भाऊ मला ढकलत तिला खिडकीपाशी आणी, आणि मग दिवेलागणीपर्यंत ती मान वर करत नसे. एखादा शब्द दोनदा आला की हसून म्हणे, "बाबा विसरले बघ, दादा." आठ वर्षं हे चाललं. बाबांना तिचं कौतुक होतं, पण चारचौघांत बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

कोश छापून आला तेव्हा याच दिवाणखान्यात सत्कार झाला. पाहुणे यायच्या आधी बाबांनी दादाला सांगितलं, की तिला आत ने, लोक उगाच विचारत बसतात. दादाने मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. बाहेर भाषणं झाली, फोटो निघाले. बाबांनी छापखान्यातल्या माणसांचेसुद्धा आभार मानले. मग टाळ्या झाल्या. दादा आत आला तेव्हा ठमी कान देऊन बसली होती.

"दादा, माझं नाव घेतलं का रे?"

"घेतलं की. टाळ्या ऐकल्या नाहीस?"

ती इतकी खूश झाली, की त्या दिवशी तिला घास गिळवेना. त्याच हिवाळ्यात ती गेली. मला माळ्यावर टाकलं. वेत तुटला, चाकं गंजली. घराचं संग्रहालय झालं तेव्हा मला खाली आणून पॉलिश केलं, आणि ती पाटी लागली.

गेल्या वर्षी एका रविवारी इथे कुटुंबांसाठी कार्यक्रम होता. मुलं टेबलाभोवती बसून शब्दांच्या चिठ्ठ्या लावत होती. नातीचा हात धरून एक थकलेले गृहस्थ आले आणि पाटी वाचून जागीच थांबले. मी दादाला ओळखलं. घर दाखवणाऱ्या बाईंना त्यांनी सगळं सांगितलं, ती थापसुद्धा.

"आमचे बाबा सहा फूट उंच होते, बाई. ते हिच्यात मावले असते का?"

बाईंनी माझ्याकडे प्रथमच नीट पाहिलं. विश्वस्तांना लिहिते, म्हणाल्या.

"फार काही नको," दादा म्हणाले, "तेवढं तिचं नाव लावा. मी तिला खोटं सांगितलंय."

दोन महिन्यांनी ते पुन्हा आले. विश्वस्तांचं उत्तर आलं होतं. लेखी पुरावा किंवा छायाचित्र असल्याशिवाय पाटी बदलता येणार नाही. बाईंनी ते खालच्या आवाजात वाचून दाखवलं.

"फोटो कुठून असणार? तिला आत मीच नेलं होतं," एवढंच दादा बोलले. दोरीवरून वाकून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. बाईंनी अडवलं नाही. पुढच्या कार्यक्रमाला नात एकटीच आली आणि आजोबा गेल्याचं सांगून गेली. पाटी आहे तशीच आहे.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मला रोज पुसतात, चाकांना तेल देतात. तुम्ही आज घरी जाल तेव्हा एवढं करा. तुमच्या कामाला ज्याचा हात लागला असेल, त्याचं नाव चारचौघांत घ्या. तो आहे तोवर, आणि त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.