हिरवं दर्शन आणि झाकलेला डोळा

परतवाड्याच्या बाजाराच्या मैदानात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. मांडवात लाल दिव्यांची मूर्ती लखलखत होती आणि तेजोनाथ महाराज माइकवर ओरडत होते, "पापणी लववू नका! टक लावा!" मग मूर्तीचे दिवे विझले, आणि मागच्या पांढऱ्या पडद्यावर तीच मूर्ती हिरवी होऊन तरंगली. लोकांनी हात जोडले.

"डॉक्टरचा उजेड सुई टोचून येतो, माझा आतून येतो! आंधळ्याला दृष्टी, डोळसाला दर्शन!"

मी शाळामास्तर. असे मांडव इतके पाहिलेत की आता राग येत नाही, कंटाळा येतो. पण घरी जाता येईना, कारण पुढे आमचा खुशालराव उभा होता. तो चिखलदऱ्याच्या घाटात जीप चालवतो, आणि माझ्यासकट निम्मं गाव तीत कोंबून बसतं. त्याच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली कित्येक महिने पाणी साचलं होतं. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला होता: हाताच्या शिरेतून औषध द्यायचं, मग डोळ्यात ठरावीक लेझरचा प्रकाश सोडायचा. प्रकाश पडेल तिथंच औषध काम करतं. नंतर काही दिवस उन्हात जायचं नाही. तोवर जीप बंद.

"गुरुजी, मले दिसलं!" खुशालराव नाचतच आला. "थ्या मांडवापुढं उभ्या माह्या जीपचा नंबर बी वाचला! अमरावती काहून? उद्यापासून घाट सुरू!"

शेजारच्या दुकानातून मी लाल टमरेल आणलं आणि दिव्याखाली धरलं. "याच्याकडे टक लावा. आता पडदा पाहा."

"अरे, हिरवं टमरेल!" लोक ओरडले आणि मांडव खदखदला.

"लाल पाहून पाहून डोळा थकतो, म्हणून पांढऱ्यावर हिरवं दिसतं. महाराजांची मूर्तीही अशीच."

महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "गुरुजी, टमरेलातही ईश्वर आहे!"

टाळ्या! मी टमरेल घेऊन खाली बसलो. खरंच थकलो होतो.

तेवढ्यात खुशालरावची बायको रुख्मिणी उठली. डॉक्टरीणबाई कसं तपासतात, ते तिनं पाहिलं होतं. तिनं नवऱ्याच्या डाव्या, चांगल्या डोळ्यावर तळहात ठेवला.

"वाचा आता नंबर."

"मधात... राखट डाग हाय."

"जीपच्या चाकापुढं पोरगी उभी हाय. थे दिसते का?"

"कोणती पोरगी?"

पोरगी सगळ्यांना दिसत होती, फक्त तिच्याकडेच पाहणाऱ्या ड्रायव्हरला नाही. इतका वेळ वाचत होता तो डावा डोळा. महाराजांनी एकदाही तो झाकला नव्हता.

"श्रद्धा कमी पडली," महाराज पुटपुटले.

"श्रद्धा नाही, उजवा डोळा कमी पडला," रुख्मिणी म्हणाली आणि तिनं नवऱ्याच्या खिशातली चाबी काढून घेतली.

खुशालरावचा उपचार झाला. पाणी ओसरेल, पण गेलेली नजर सगळी परत येईलच असं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. महाराजांचा मांडव पुढं तिवशाला लागला, आणि आमच्याच गावचे काही लोक तिथंही गेले. त्यांना काय म्हणावं!

तरी पुन्हा सांगतो. कुणी म्हणालं, तुम्ही बरे झालात, तर आधी चांगला डोळा झाका आणि अधू डोळ्यानं पाहा. जमलं तर माना. नाही जमलं तर अमरावतीची गाडी धरा, आणि तोवर दुसऱ्याच्या लेकरांना घेऊन घाट चढू नका.