डब्याला फोन

दुपारी साडेतीनला तिसरा फोन डोक्याइतक्या उंचीवरून काँक्रीटवर आपटला आणि फुटला नाही.

चाचणीच्या खोलीत एकच गलका झाला. काचेच्या पाठीच्या फोनचा पहिल्याच फेरीत भुगा झाला होता. दुसऱ्याची पाठ शाबूत, पण पडद्यावर कोळ्याचं जाळं. तिसरा ठणठणीत! या दोघांत एक अॅल्युमिनियमचा, एक प्लास्टिकचा. कुठला कुठला, कुणालाच ठाऊक नव्हतं. खोलीचा रिवाजच तसा. कुणाची बाजू घेतली जाऊ नये म्हणून सगळ्या नमुन्यांना एकच जाड काळा रंग, आत शिसं घालून वजन सारखं. आणि धातूचा गारवा कळू नये म्हणून फोन पाडणारा पोऱ्या, ज्याला सगळे ‘धडाम’ म्हणत, जाड हातमोजे घालूनच त्यांना शिवणार. रंग खरवडायचा तो कंपनीच्या मोठ्या बाई आल्यावरच.

प्लास्टिकची पाठ वहिनींनी घडवलेली. सगळे त्या पाठीच्या फोनला ‘डबा’ म्हणत. आज तो हरला तर प्लास्टिकचं काम कायमचं बंद, असं बाईंनी बजावलं होतं. धातूची पाठ वहिनींच्या सख्ख्या दिराची.

“वहिनी, डबा घरी न्या आता. साखर ठेवायला होईल.”

“भाऊजी, दम धरा. तुमच्या नमुन्याला अँटेनासाठी पट्टी सोडलीत ना?”

“पाडायच्या नमुन्याला कशाला हवी पट्टी? त्याच्यावर काय फोन करायचाय?”

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. पट्टी न सोडता धातूत कोंडलेल्या फोनपर्यंत सिग्नल पोचत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?

वहिनींनी तोवर तिसऱ्याचा नंबर लावलाही होता. रंग खरवडायला बंदी होती, फोन करायला नव्हती.

फोन वाजेना.

“बघा, सिग्नल नाही! म्हणजे माझाच!” दीर ओरडला.

तेवढ्यात टेबलावरचा फोन गुरगुरत सरकला आणि खणखणीत वाजू लागला.

“डबा बोलला!” धडामने हातमोजे हवेत उडवले. वहिनींनी चक्क उडी मारली. दीर कपाळाला हात लावून हसत सुटला.

“काय चाललंय?” दारात मोठ्या बाई.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रंग खरवडून पाहिला. खाली पांढरं प्लास्टिक. मग अंगठ्याने पाठ दाबली. ती किंचित करकरली.

“टिकतो खरा. पण हातात घेतल्यावर भारी वाटायला हवा.”

“बाई, वापरून तर बघा!” वहिनी म्हणाल्या.

बाईंनी तो पर्समध्ये टाकला आणि निघून गेल्या.

सहा वाजेपर्यंत निर्णय आला नव्हता. वहिनींनी पुन्हा बाईंकडच्या डब्याचा नंबर लावला. दीर कान लावून शेजारी उभा.

फोन व्यस्त होता.