शून्यावरची रेष

निकेशने शेवटचा स्क्रू काढला आणि डब्यातून बोर्ड उचलला. स्वतः बनवलेल्या ऑसिलोस्कोपमधले, म्हणजे विजेचे चढउतार पडद्यावर रेषेने दाखवणाऱ्या यंत्रातले, कामाचे भाग काढून ठेवायचे, बाकी भंगारात. उद्या नोकरीसाठी गुजरातची गाडी धरायची होती.

दुपारीच, दुरुस्तीची कामं देऊ म्हणालेल्या महिपतीशेटचा रोह्याहून फोन आला होता.

"कंपन्यांचे बिघडलेले बोर्ड पनवेलवाल्याला दिले रे. तुझ्या मशीनची रेषच जाग्यावर ऱ्हात नाय. मी तरी किती थांबू?"

चुकीचं काय बोलला तो? दुरुस्तीचं काम घरबसल्या मिळालं असतं तर आयेला एकटं टाकून जावं लागलं नसतं, एवढीच तर आशा होती. तीही गेली.

पडदा जमला, प्रोग्राम जमला. नडला तो पुढचा भाग. बाहेरून आलेला व्होल्टेज तिथे आधी कमी करून मग आत सोडायचा. ते सर्किट इतकं नाजूक की नुसत्या घामट बोटानेही बिघडावं. नवा बोर्ड केला की रेष शून्यावर गपगुमान पडून राहायची. दुसऱ्या दिवशी रोह्याला कामं शोधून कासू स्टेशनला उतरावं, घरी येऊन बघावं, तर मेली वर चढलेली! आयसी बदलले, रेझिस्टर बदलले, बोर्ड पुन्हा पुन्हा केला. शेवटी त्याने आपल्याच अकलेला हात जोडले.

आता त्याने आयसी उपसला आणि तो थबकला. खालची तांब्याची रेघ हिरवी पडली होती. बाजूला ओलसर, पांढरं काहीतरी. त्याने बोटाने टिपून जिभेला लावलं. खारट. कोपऱ्यात मोहरीचा एक दाणा अडकला होता.

डबा इतके दिवस उघडाच असायचा. आणि खाडीच्या हवेत मीठ पाणी धरतं, हे मिठागरवाल्याच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. त्या ओलीतून वीज झिरपली की रेष चढणारच.

तिन्हीसांजेला त्याची आये, धोंडुबाई, मूठ आवळून आत आली.

"सरक जरा. त्या डब्याची शेवटची काढते."

"काय?"

"दृष्ट, दुसरं काय? तू रोह्याला गेलास का रोज काढत व्हती. लोकांच्या डोल्यात येतं रं." तिचा आवाज फुटला. "इतकं केलं, तरी चाललासच."

निकेशने तो हिरवा पडलेला बोर्ड तिला दिसायच्या आत बॅगेत कपड्यांखाली सारला.

"त्याची नको, आये. माझी काढ."

तो पाटावर बसला. तिची मूठ त्याच्या डोक्यावरून फिरू लागली.

"आल्यागेल्याची, दारच्याची, घरच्याची..."

त्याने डोळे मिटून घेतले. तिने मूठ चुलीत टाकली. मीठ-मोहरी तडतडली.

"बघ, केवढी लागली व्हती!" धोंडुबाई म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा मोकळा झाला होता.

"व्हय, आये," निकेश म्हणाला.