पहिला ओरखडा

मित्रांनो, मी एक जुना पिकगार्ड आहे. घाबरू नका, हा आजार नाही. गिटार वाजवताना हातातली चकती गिटारीच्या अंगाला घासू नये म्हणून तारांखाली एक पातळ पट्टी बसवतात. ती पट्टी म्हणजे मी. थोडक्यात, मार खाणे हा माझा व्यवसाय. आणि इतकी वर्षे मला कोणी बोट लावले नाही.

बाबा दुकानांच्या पाट्या बनवायचे. लेकीला इलेक्ट्रिक गिटार हवी होती, म्हणून त्यांनी आरपार दिसणाऱ्या जाड अ‍ॅक्रिलिकमधून ती घरीच कापली. मग बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर माझा आकार काढला.

"हा कान आहे का?" आईने विचारले.

"पिकगार्ड आहे."

"असेल. पण याला ऐकू येईलसं दिसतंय."

बाबांनी खोडून पुन्हा काढला. आता मी झोपलेले बदक झालो. लेकीला बदक पसंत पडले. रंगावरून मात्र जुंपली. मला आरपार केले, तर आतल्या वायरी दिसणार.

"दिसू देत की, बाबा!"

"पाहुण्यांना माळा उघडून दाखवतो का आपण?"

शेवटी मला धुरकट निळे केले. म्हणजे पसारा दिसेल, पण ओळखू येणार नाही. बाबांनी माझ्या कडा घासून काचेसारख्या केल्या, तडकू नये म्हणून भोके हळूहळू पाडली आणि मला स्क्रूने बसवले.

पण अ‍ॅक्रिलिकवर चिकटवलेला असतो तो तपकिरी कागद त्यांनी काढलाच नाही. ना गिटारीवरचा, ना माझ्यावरचा. "ओरखडा पडेल," ते म्हणाले. या घरात रिमोट पिशवीत राहायचा आणि सोफ्याचे प्लास्टिक सोफ्याच्याच वयाचे होते. ज्या वायरींवरून भांडण झाले, त्या कुणालाच दिसल्या नाहीत.

लेक जीव ओतून वाजवायची. मला कागदापलीकडून नुसती खरखर यायची, शेजारच्या घरातल्या हसण्यासारखी. तिची बोटे एकदा तरी बघावीत, एवढेच मला वाटायचे.

पुढे ती नोकरीसाठी दूर गेली. निघताना तिने गिटार उचलली, तर बाबा म्हणाले, "प्रवासात ओरखडा पडेल." तिने ती परत भिंतीवर टांगली. मी सुखरूप राहिलो. फार वर्षे सुखरूप राहिलो.

मग एका रविवारी तिचा फोन आला. "याही सुट्टीत येत नाही, बाबा."

"का गं?"

"येऊन करू काय? तिथे कशालाच हात लावायचा नसतो."

बाबांच्या खाली सोफ्याचे प्लास्टिक करकरले. मग उठून त्यांनी गिटार खाली काढली. कागद आता निघेना. कोमट साबणाचे पाणी झाले, नखे झाली, शेवटी स्क्रूड्रायव्हर घेतला. सर्रर्र! बदकाच्या मानेपासून शेपटीपर्यंत.

बाबा पांढरेफटक पडले. आई म्हणाली, "पडला? सुटलो एकदाचे."

त्यांनी फोन लावला. "अगं, ओरखडा पडला."

"कोणी पाडला?"

"मीच. चांगला वीतभर आहे."

पलीकडून हळू आवाजात, "मग मी पाडले तर चालतील?"

"ये तर. जागा आहे अजून."

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जरूर जपा, पण हाताळून जपा. सोफ्याचे प्लास्टिक गेले. आता सोफ्यावर मी उघडा बसलो आहे, दाराकडे तोंड करून. पहिल्यांदाच मला दार दिसते आहे. खाली रिक्षा थांबली की बाबा आणि मी, दोघेही तिकडे बघतो.