आळणी खड्डा

आमच्या गावात मुळा पुरतात आणि माणसंही पुरतात. पुरण्याची रीतही फारशी वेगळी नाही. मुळ्यासाठी कोणी भाषण करत नाही, एवढंच. परसातला मुळा उपटायचा, उन्हात मलूल होऊ द्यायचा. घरामागे खड्डा खणून त्यात पेंढ्याचा जाळ करायचा, राख काढायची, गरम खड्ड्याला आतून पेंढा लावायचा आणि मुळे पायाने दाबून दाबून भरायचे. वर पुन्हा पेंढा, फळी, दगड आणि शेवटी मातीचा लेप. महिन्याभराने उघडलं की आंबट वास शेजारच्या टेकडीपर्यंत जातो. ही सिन्की. चिरून वाळवली की वर्षभर कढणाला पुरते. हिला मीठ अजिबात चालत नाही. कोणी घातलंच, तर त्याच्या आईने त्याला काय शिकवलं, याची चौकशी होते.

मीठ न चालणारी आमच्याकडची दुसरी गोष्ट म्हणजे सुतक. माणूस गेला की घरच्यांनी आळणी जेवायचं. त्यावरून मेलेल्याला कळतं की आपण मेलो, आणि तो वाटेला लागतो. मेलेले मिठाला शिवत नाहीत, असं म्हातारे सांगतात. तुम्हाला कोणी सांगितलं, असं विचारलं की चिडतात.

हर्कध्वज राई पावसाळा सरता सरता वरच्या वेलदोड्याच्या बागेत गेला आणि डोंगराचा एक तुकडा त्याला घेऊन खाली आला. खाली म्हणजे थेट त्याच्याच परसाच्या कुंपणापर्यंत. सगळ्या गावाने माती उपसली. त्याची एक चप्पल सापडली. तो सापडला नाही.

त्याची बायको मनरूपा मीठ सोडेना.

"भाउजू, आता तरी सोडा," धाकटा दीर लखमान रोज येऊन वहिनीला म्हणायचा. "दाजू, माझा थोरला भाऊ, अडकून पडलाय. ना इकडचा, ना तिकडचा. चप्पल पुरू, सुतक पाळू, त्याला वाट मोकळी होईल."

"चप्पल मेली असेल तर तू चपलेचं सुतक धर. माझा नवरा मेलेला मी पाहिला नाही." असं म्हणून ती त्याच्यासमोरच हिरवी मिरची मिठात बुडवून कचाकचा खायची. डोळ्यांत पाणी यायचं. ते मिरचीचं, असं आम्ही धरून चालायचो.

मुळा तयार झाला, तेव्हा तिने खड्डा भरला. लेप द्यायला मला बोलावलं. शेजारी आहे, रिकामाही आहे, आणि माझ्या लिंपणाला भेग पडत नाही, अशी माझी ख्याती आहे. गावात माझी तेवढीच ख्याती उरली आहे.

महिन्याने खड्डा उघडला. लेप जसाच्या तसा, माझी बोटंसुद्धा त्यावर उमटलेली. पेंढा काढला. वरचा एक थर मुळा होता. त्याच्याखाली काहीच नव्हतं. जेवून स्वच्छ निपटलेल्या ताटासारखा खड्डा.

"उंदीर," मी म्हणालो. काहीतरी म्हणायला हवं होतं.

"काका, या उंदराला बीळ कुठे आहे?" मनरूपाने विचारलं.

बीळ नव्हतं. लखमानने रिकाम्या खड्ड्यात वाकून पाहिलं. "दाजूच तो! आळणी होतं म्हणून खाल्लं. भाउजू, हात जोडतो, आणखी कसली खूण पाहिजे तुम्हाला?"

मनरूपाने उरलेले मुळे उचलून टोपलीत टाकले. मग म्हणाली, "खालच्या वाफ्यातला मुळा अजून उपटायचाय. तो भरू. मीठ घालून."

"सिन्कीत मीठ?" लखमान ओरडला. दाजू गेल्याचं कळलं तेव्हाही तो इतका ओरडला नव्हता.

"घालणार. मीठ लावलेलं तसंच राहिलं, तर त्या दिवसापासून मी आळणी जेवेन. चप्पल माझ्या हाताने पुरेन. पण खाल्लं गेलं, तर हा विषय तू पुन्हा काढायचा नाहीस. कबूल?"

"कबूल."

तिने मुठी भरभरून मीठ घातलं. मी लेप देताना नजर दुसरीकडे ठेवली. अशा कामाला साक्षीदार नसलेला बरा.

तो महिना ती खड्ड्याकडे पाठ करूनच वावरली. भांडी घासतानाही पाठ तिकडेच. एकदा मला म्हणाली, "काका, जरा जास्तच खारट झालं का हो?" मी म्हणालो, "बेताचं आहे." मी चाखलं नव्हतं.

भर दुपारी आम्ही तिघांनी खड्डा उघडला. लेप शाबूत. पेंढा ओलसर. त्याखाली मुळ्याचा देठसुद्धा नव्हता. बाजूच्या मातीला मिठाचा कणही चिकटलेला नव्हता. गाईने दगड चाटून गुळगुळीत करावा, तशी ती माती दिसत होती.

मनरूपा हसली. दरड कोसळल्यापासून ती पहिल्यांदा हसली. "बघितलंस? जिवंत आहे."

लखमानच्या ओठांवरचा रंग गेला. "हो भाउजू. पण... कुठे?"

मनरूपा घरात गेली आणि पाण्याची घागर घेऊन आली.

"एवढं खारट खाल्लंय," ती म्हणाली. "तहान लागली असेल."

तिने घागर खड्ड्यात रिकामी करायला सुरुवात केली. तळाशी चिखल झाला नाही. पाणी पडत होतं तसं नाहीसं होत होतं. कोरडी माती पाणी पिते, हे मलाही माहीत आहे. पण ती घटाघटा पीत नाही, आणि मध्ये थांबून दमही खात नाही.

घागर संपली. खालचा घटाघटा पिण्याचा आवाज थांबला नाही.

लखमानने तिच्या हातातली घागर घेतली आणि झऱ्याकडे पळत सुटला.