ट्रिलियमचं सोंग

माझे सासरे मरे एबी यांना खुर्चीत बसवत नाही. पाठीचं दुखणं वगैरे काही नाही. बसले की तीस वर्षांपूर्वीचा राग वर येतो आणि तो त्यांना उठवतो. किचनर गावातल्या त्यांच्या घराच्या तळघरात, टेबलापासून खिडकीपर्यंत, गालिचावर चक्क पायवाट पडली आहे. माझी सासू व्हर्ना तिला ‘डेल मार्ग’ म्हणते. डेल, म्हणजे डेलमर शॅन्ट्झ, हा व्हर्नाचा सख्खा भाऊ आणि मरेंच्या रागाचं मूळ.

प्रकरण असं होतं. टीव्हीला जोडायची आणि तबकडीवरून खेळ, ज्ञानकोश, पाककृती असं सगळं एकदम दाखवायची यंत्रं काढण्याची एके काळी साथच आली होती. आमच्या गावातल्या एका कंपनीलाही तिची लागण झाली. यंत्राचं नाव ट्रिलियम. ते बनवलं डेलने. त्यावरचा एकुलता एक धड खेळ, ‘दीपगृह’, बनवला मरेंनी. ट्रिलियम विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावं मरेंना अजून पाठ आहेत, यावरून खपाची कल्पना यावी. उरलेली यंत्रं कंपनीने नाताळला कर्मचाऱ्यांना भेट दिली. पुढच्या नाताळला कंपनी नव्हती.

खेळात ह्युरॉन सरोवराकाठच्या दीपगृहाचा जिना कोडी सोडवत चढायचा असतो. अगदी वरचं दार उघडलं की रखवालदार दिसतो. रहस्य सांगण्यासाठी तो तोंड उघडतो, आणि उघडंच ठेवतो. खेळ तिथे गोठतो. ज्याने ज्याने विकत घेतला त्या प्रत्येकाचा गोठला. ते तोंड डेलचं आहे, कारण नट परवडत नव्हता आणि कंपनीत दाढी एकट्या डेललाच होती.

“बघा त्याचा चेहरा,” मरे पडद्याकडे बोट दाखवून म्हणायचे. “यंत्र खोटारडं बनवलं, आणि वर आ वासून मलाच विचारतोय, काय झालं म्हणून!”

मरेंच्या मते दोष यंत्रात. डेलच्या मते खेळात. दोघे एकाच कर्लिंग क्लबात बर्फावर दगड सरकवायला जातात, पण वेगवेगळ्या वारी. व्हर्नाला भावाला भेटायचं असलं की ती “बाजारात जाऊन येते” म्हणते आणि रिकामी पिशवी घेऊन परत येते. मरे पिशवीकडे बघतात आणि डेल मार्गावर चार फेऱ्या जास्त मारतात.

अशात मला इंटरनेटवर ऑडेट भेटल्या. त्या राहतात फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेकात. विमा कंपनीतली नोकरी सांभाळून त्या ट्रिलियमचा एम्युलेटर लिहितात. म्हणजे आजच्या संगणकाला जुन्या यंत्राचं सोंग घ्यायला लावतात. सोंग इतकं हुबेहूब, की जुन्या तबकडीला वाटावं, आलो आपण आपल्या घरी. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. ऑडेटबाईंच्या मते संथपणाचं सोंग त्याहून अवघड. आजचा संगणक ट्रिलियमच्या मानाने एवढा चपळ की त्याला पावलोपावली थोपवून धरावं लागतं. असल्या यंत्रासाठी कुणी एवढं का करावं, हे मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “कुणी केलं नव्हतं म्हणून.” मी शिकवतो त्या कॉलेजात एवढ्या कारणावर डॉक्टरेट मिळते, त्यामुळे मला ते पटलं.

मरेंना मात्र त्यात शवविच्छेदन दिसलं. सोंगाचा एक फायदा असतो. ते कुठल्याही क्षणी थांबवून पोटात काय चाललंय ते बघता येतं. दोष डेलचा होता, असं ऑडेटबाईंनी एकदा जाहीर लिहावं, एवढीच त्यांची इच्छा होती. मग जगाला कळलं असतं. या विषयातलं जग म्हणजे साधारण आमच्या चर्चमधल्या गायनवृंदाएवढं. पण मरेंना तेवढं पुरे होतं. “एकदा ते लिहून आलं ना,” ते मला म्हणाले, “की मी त्या माणसाच्या दारात जाऊन त्याला वाचून दाखवणार. मग मी बसेन.”

रविवारी जेवणानंतर आम्ही तळघरात संगणकासमोर जमलो. मी बसलो होतो, मरे उभे होते, ऑडेट व्हिडिओ कॉलवरून पडद्याच्या कोपऱ्यात होत्या.

“मी रखवालदारापाशी थांबवलंय, मस्यू एबी,” त्या म्हणाल्या. “इथे तबकडी थांबून पुन्हा फिरते. अख्ख्या खेळात फक्त इथेच. फिरायला लागली की यंत्र खेळाला सांगतं, ‘तयार’. खेळाने मग पुढचं चित्र मागायचं.”

“आणि यंत्र खोटं सांगतं!” मरे खिडकीकडून ओरडले. “तयार नसताना तयार म्हणतं! लिहा ते, लिहा.”

“नाही. ते खरं सांगतं. मी खऱ्या ट्रिलियमवर पुन्हा पुन्हा मोजून बघितलंय. तबकडी तयार झाल्यावरच ‘तयार’ येतं. एकदाच.”

“मग तुमचं मोजमाप चुकलंय.”

“माझं मोजमाप,” ऑडेट शांतपणे म्हणाल्या, “चुकत नाही. गंमत पुढे आहे. ‘तयार’ ऐकूनही खेळ ते फेकून देतो आणि दुसऱ्या ‘तयार’ची वाट बघत बसतो. दुसरं कधी येतच नाही. हे कुणीतरी मुद्दाम लिहिलंय.”

मरे थांबले. डेल मार्गाच्या मधोमध.

“मरे,” मी म्हटलं, “हे कुणीतरी म्हणजे…”

“मी! मीच लिहिलंय. का नाही लिहिणार? यंत्र खोटं बोलायचं! प्रयोगशाळेतल्या प्रत्येक यंत्रावर पहिलं ‘तयार’ खोटं यायचं आणि जरा वेळाने दुसरं खरं. बॉसला कळलं असतं तर डेलला त्याच दिवशी घरी बसवलं असतं. नुकतंच त्याचं घराचं कर्ज झालेलं. मी गुपचूप बंदोबस्त केला. आपल्याकडे पाहुणा पहिल्यांदा ‘नको’ म्हणतो, ते कोण खरं धरतं? तसंच. पहिल्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही, दुसऱ्यांदा काय म्हणतो ते बघायचं.”

“आमच्याकडे पहिलं बोलणंच खरं धरतात,” ऑडेट म्हणाल्या. “आणि विकलेलं ट्रिलियम एकदाच बोलतं.”

“अहो बाई, मी माझ्या डोळ्यांनी…”

“प्रयोगशाळेतली यंत्रं मी पाहिलेली नाहीत. कुणाकडे आहेत?”

“भंगारात गेली.”

“मग विकायच्या यंत्रात काय बदललं, हे कुणाला माहीत असेल?”

मरेंनी पडद्याकडे बघितलं. उत्तर पडद्यावर आ वासून उभं होतं.

मी वर स्वयंपाकघरात गेलो आणि व्हर्नाला म्हटलं, डेलला फोन करायचाय. तिने हात पुसले, नंबर न बघता लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

“हां, बोल प्रोफेसर,” डेल म्हणाला. “मेला का तो?”

“नाही. विचारायचं होतं, तबकडीच्या ‘तयार’मध्ये काही गडबड होती का? सुरुवातीला?”

पलीकडे टीव्हीवरच्या हॉकीचा आवाज कमी झाला.

“त्याला कुणी सांगितलं?”

“म्हणजे होती?”

“होती. माझीच चूक. दोनदा बोलायचं. पण विकायला जायच्या आधी मी सुधारलं ना ते! रात्रंदिवस बसून सुधारलं. मरेच्या खेळाला त्रास नको म्हणून.”

“मग त्यांना सांगितलं का नाही?”

“सुधारलं असं सांगायचं म्हणजे बिघडलं होतं हेही सांगायला हवं की नाही? आणि तो मेहुणा माझा. जेवताना चार लोकांत बोलून दाखवेल अशी जात. कशाला सांगू?”

मी त्याला मरेंचा बंदोबस्त सांगितला. हॉकी बंद झाली.

“गाढव,” डेल म्हणाला. मग, “निघतोय मी.”

खाली येऊन मी मरेंना जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं होतं, ते बसतील. ते जास्तच जोरात चालायला लागले.

“सुधारलं? सुधारलं म्हणजे? माझ्या खेळाचा गळा घोटला आणि सुधारलं म्हणतो!”

“पण मरे, त्याने तुमच्यासाठीच…”

“ते कळलं रे मला! माझं काय करायचं आता? तीस वर्षं मी त्याला खोटारडा म्हणतोय. क्लबात म्हटलं. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला जाहीर म्हटलं. तू होतास ना?”

“होतो,” मी म्हटलं. केक कापायच्या आधी म्हणाले होते.

“आणि सगळा वेळ ते लेकाचं यंत्र एकदा बोलून गप्प, आणि मीच दुसऱ्यांदा बोलायची वाट बघत उभा.”

डेल जवळच्या एल्मायरा गावाहून आला. दाढी पांढरी झालेली, अंगात जाकीट तसंच. तळघराच्या शेवटच्या पायरीवर तो थांबला. माफी वगैरे कुणी मागेल अशी व्हर्नाला आशा असावी. ती बटर टार्ट या मिठाईची ताटली घेऊन मागेच उभी होती.

“न सांगता कशाला हात लावलास?” मरे म्हणाले.

“तू कशाला न सांगता ठिगळ लावलंस?”

“तुझी नोकरी वाचवायला!”

“वाचली की! कंपनीच गेली!”

“काय रे देवा,” व्हर्ना म्हणाली. “एकानं झाकलं, दुसऱ्यानं पुसलं, आणि पिशवी घेऊन बाजाराला मी. इतकी वर्षं!”

दोघांपैकी कुणी तिच्याकडे बघितलं नाही, पण दोघांच्या माना थोड्या खाली गेल्या.

“मस्यू शॅन्ट्झ,” ऑडेट पडद्यातून म्हणाल्या, “जुनं यंत्र नेमकं किती उशिराने दुसऱ्यांदा बोलायचं?”

डेल दचकला. “ही कोण?”

“तुझ्या यंत्राचं सोंग आणते ती,” मरे म्हणाले. “आणि तुझ्यापेक्षा बरं आणते.”

डेलने आठवून आकडा सांगितला. मरे म्हणाले, त्याच्या दुप्पट. डेल म्हणाला, यंत्र कुणी बनवलं होतं? ऑडेटबाईंनी दोन्ही करून बघितलं. डेलच्या आकड्याने चाललं. मग नवाच प्रश्न निघाला. एम्युलेटरमध्ये आता दोन पर्याय झाले, प्रयोगशाळेतलं यंत्र आणि विकलेलं यंत्र. त्यांची नावं काय ठेवायची?

“पहिल्याचं ‘ट्रिलियम’,” मरे म्हणाले. “दुसऱ्याचं ‘बिघडलेलं’.”

“उलट! जे विकलं तेच खरं ट्रिलियम. दुसरं कच्चं.”

“ज्यावर खेळ चालतो ते कच्चं?”

“मुळात खेळच चुकीच्या यंत्रावर लिहिला होतास!”

“तूच दिलं होतंस ते यंत्र!”

एवढ्यात व्हर्ना म्हणाली, “अगंबाई.” पडद्यावर रखवालदाराचं तोंड हललं होतं, आणि आता पडदा काळा होऊन त्यावर नावं वर सरकत होती. ऑडेटबाईंनी मगाशीच खेळ पुढे सोडून दिला होता.

“काय म्हणाला?” मरेंनी विचारलं.

“तुमच्या ओरडण्यात मला काय ऐकू येणार?” व्हर्ना म्हणाली.

मी डेलकडे बघितलं. “मला कसं आठवणार?” तो म्हणाला. “त्याने लिहून दिलं होतं, मी म्हटलं.”

“मला थोडं थोडं आठवतंय,” मरे म्हणाले, “पण नक्की नाही.”

“थांबवता येतं, पण मागे नेता येत नाही,” ऑडेट म्हणाल्या. “खेळाला तशी सोय नाही. पहिल्या पायरीपासून पुन्हा चढावं लागेल. मी वेग वाढवू का?”

“वाढवा,” मरे म्हणाले.

“नाही,” डेल म्हणाला आणि जाकीट काढून माझ्या शेजारची खुर्ची ओढली. “खऱ्या वेगाने. नाहीतर सोंग कसलं?”

“संध्याकाळ होईल, गाढवा!”

“होऊ दे. तू चढ. आणि जरा बस की खाली, पडदा दिसत नाहीये मला.”